केटरिंगची पोरं आणि रशियाचा लपवलेला तळ

रेडिओ ऐकण्याचा इतिहास असा विषय सांगितला की समोरच्याच्या डोळ्यांसमोर लगेच सिलोन आणि बिनाका येतं. त्यात काही चूक नाही, आपल्याकडे शॉर्टवेव्ह घराघरात शिरली ती गाण्यांमुळेच. पण माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण वेगळ्या प्रकारच्या ऐकण्यावर आहे. ज्यात गाणं नाही, बातमी नाही, निवेदक नाही. फक्त एक शिट्टी आहे, आणि ती शिट्टी वहीत नोंदवणारी शाळेतली मुलं आहेत. आज त्यांच्याबद्दल.

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात केटरिंग नावाचं गाव आहे. बूट बनवणारं गाव म्हणून त्याची जुनी ओळख. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी हे भौतिकशास्त्र शिकवायचे आणि डेरेक स्लेटर रसायनशास्त्र. स्लेटर हौशी रेडिओवाले, म्हणजे आपण ज्यांना 'हॅम' म्हणतो त्यांतले. या दोघांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून १९६६ साली सोव्हिएत संघाचा एक अख्खा अवकाशतळ शोधून काढला आणि जाहीर केला. सोव्हिएत सरकारने त्या तळाचं अस्तित्व अधिकृतपणे मान्य केलं १९८३ साली. मधे सतरा वर्षं गेली!

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी 'शाळकरी मुलांनी महासत्तेला चकवलं' अशा थाटात सांगितली जाते. मला तो थाट फारसा पटत नाही, का ते पुढे येईलच. आधी हे काम झालं कसं ते नीट बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

थोडं मागे जाऊ. ४ ऑक्टोबर १९५७. स्पुतनिक अवकाशात गेला आणि दोन कंप्रतांवर बीप-बीप करू लागला, २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झ. यातली पहिली कंप्रता चक्क शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात येते. हा योगायोग नव्हे. सोव्हिएत संघाच्या 'रादिओ' या हौशी लोकांच्या मासिकात त्या उन्हाळ्यातच या कंप्रता छापून आल्या होत्या. जगभरातल्या हौशी श्रोत्यांनी ऐकावं हाच हेतू होता. अमेरिकेत तर सोय आयतीच होती. तिथलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे अचूक वेळ सांगणारं केंद्र बरोबर २० मेगाहर्ट्झवर लागायचं. ते लावायचं आणि काटा केसभर वर सरकवायचा, की झालं.

त्याच दिवसांत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनीही हाताशी असलेला रिसीव्हर लावला आणि बीप टेप केली. ऐकताना लक्षात आलं की बीपचा स्वर खाली खाली येतोय. उपग्रह जवळ येताना स्वर चढा, लांब जाताना उतरता. रेल्वे फाटकावर उभं राहून एक्स्प्रेस गाडीचा भोंगा ऐकला असेल तर तुम्हाला हे माहीत आहे. शाळेत आपण त्याला 'डॉप्लर परिणाम' म्हणून पाच मार्कांसाठी लिहितो. त्या दोघांनी उतरत्या स्वरावरून उपग्रहाची कक्षा काढून दाखवली. मग त्यांच्या वरिष्ठांनी, फ्रँक मॅक्ल्युअर यांनी, प्रश्न उलटा केला: कक्षा आधीच ठाऊक असेल, तर स्वरावरून ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? यातून अमेरिकन नौदलाची 'ट्रान्झिट' ही दिशादर्शन प्रणाली उभी राहिली. आजच्या तुमच्या फोनमधल्या नकाशाचं एक मूळ असं शॉर्टवेव्हच्या बीपपर्यंत जातं.

पेरींना मात्र एवढं मोठं काही करायचं नव्हतं. वर्गात डॉप्लर शिकवायचा होता. फळ्यावर सूत्र लिहिण्यापेक्षा कानाला ऐकू आलं तर बरं, इतका साधा विचार. १९६० साली सोव्हिएत संघाने सोडलेला स्पुतनिक ४ हा उपग्रह त्यांनी स्लेटरांच्या मदतीने यासाठी वापरला.

इथे जरा आकडेमोड करू, घाबरू नका. उपग्रह सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. प्रकाशाचा, म्हणजेच रेडिओलहरीचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. या दोहोंच्या गुणोत्तराने २० मेगाहर्ट्झला गुणलं तर उत्तर येतं सुमारे ५०० हर्ट्झ. म्हणजे उपग्रह आपल्या दिशेने येताना सिग्नल फार तर ५०० हर्ट्झने वर आणि जाताना तेवढाच खाली. २ कोटी हर्ट्झमध्ये ५००चा फरक म्हणजे तबल्याच्या दुकानात सुई पडल्यासारखं. पण रिसीव्हरमध्ये दुसरी एक स्थिर लहर मिसळली, की दोहोंच्या फरकाइतका स्वर स्पीकरमधून ऐकू येतो. मग तोच ५०० हर्ट्झचा फरक कानाला लख्ख कळतो. सात-आठ मिनिटांत उपग्रह क्षितिजावरून येतो आणि मावळतो, आणि तेवढ्या वेळात शिट्टी वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत घसरते. ती सगळ्यात झपाट्याने जेव्हा घसरते, तो क्षण उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असण्याचा. स्टॉपवॉच त्या क्षणी दाबायचं.

एवढंच. रिसीव्हर, तार, घड्याळ, वही. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये सैन्यातून निघालेला जुना रेडिओ-सामान बाजारात रग्गड होता आणि हौशी लोक त्यावरच जगत होते. याच १९६६ सालच्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्याच जॉड्रेल बँकच्या ७६ मीटर व्यासाच्या महाकाय दुर्बिणीने चंद्रावर उतरलेल्या लूना ९ची चित्रं पकडली होती आणि सगळे पेपर त्या चित्रांनी भरले होते. केटरिंगच्या शाळेकडे असली कुठलीही दुर्बीण नव्हती. होता तो वेळ.

वेळ या गोष्टीवर मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली ती आहे. सोव्हिएत संघ १९६२ पासून 'कॉसमॉस' या नावाखाली एकामागून एक उपग्रह सोडत होता. तास या वृत्तसंस्थेची घोषणा प्रत्येक वेळी जवळपास तीच: अवकाश संशोधनाचा कार्यक्रम पुढे चालू, कक्षेचा कल इतका, एका फेरीला इतकी मिनिटं, कमाल उंची इतकी, किमान इतकी. कशासाठी सोडला आणि कुठून सोडला, याबद्दल चकार शब्द नाही. त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात टेहळणी करणारे 'झेनित' उपग्रह होते. कॅमेऱ्याने फिल्मवर फोटो काढायचे आणि साधारण आठ दिवसांनी फिल्मसकट कुपी जमिनीवर उतरवायची. हे उपग्रह २० मेगाहर्ट्झच्या थोडं खाली, १९.९९५वर, सिग्नल पाठवायचे. एक उपग्रह एकदा ऐकून यातलं काहीच कळत नाही. पण वीस उपग्रह, रोज, आठवडेच्या आठवडे ऐकले, तर? मग कळतं की आठव्या दिवशी शिट्टी थांबते. नवव्या दिवशी ती आलीच नाही, की समजायचं: कुपी उतरली. कुणी न सांगता एक वेळापत्रक हाती लागतं.

हे काम कोण करू शकतं? पगारी शास्त्रज्ञाला इतका वेळ मिळणं अवघड. गुप्तहेर खात्याला मिळतो, पण ते बोलत नाही. शाळेकडे मात्र दरवर्षी नवी मुलं येतात, कुतूहल फुकट असतं आणि 'आज माझी पाळी' याचा अभिमानही असतो. उपग्रह शाळेची घंटा बघून येत नाही हे खरं, पण मुलांना मधली सुट्टी सोडायला लावणारी गोष्ट क्रिकेटशिवाय दुसरी असेल तर ती हीच असावी.

भूगोलही त्यांच्या बाजूने होता. केटरिंगचं अक्षांश साधारण ५२ अंश उत्तर. सोव्हिएत उपग्रह बहुतेक ५२ किंवा ६५ अंश कलाच्या कक्षेत फिरायचे, म्हणजे त्यांचा उत्तरेकडचा वळणबिंदू या पट्ट्याच्या आसपासच. त्यामुळे लागोपाठ अनेक फेऱ्यांत उपग्रह इंग्लंडच्या टप्प्यात यायचा. हाच खेळ पुण्यात किंवा नागपुरात बसून खेळला असता तर दिवसाला त्याहून कमीच फेऱ्या वाट्याला आल्या असत्या.

आता १७ मार्च १९६६. कॉसमॉस ११२ सुटला. कल ७२ अंश. तोवर असा आकडा या मालिकेत आलेला नव्हता. पेरींनी नेहमीप्रमाणे नोंदींवरून फेऱ्या मागे मागे नेल्या. एक फेरी सुमारे ९० मिनिटांची, तेवढ्यात खाली पृथ्वी साडेबावीस अंश फिरलेली असते, म्हणून नकाशावर प्रत्येक मागची रेषा तेवढी सरकवत जायची. अशी अगदी पहिल्या फेरीपर्यंत गेलं की ती रेषा उड्डाणाच्या जागेवरून जायला हवी. पण ही रेषा काही केल्या बायकोनूरवरून जाईना. ६ एप्रिलला कॉसमॉस ११४ सुटला, कल ७३ अंश. तोही तसाच. म्हणजे दुसरी कुठली तरी जागा आहे. पण कुठे?

इथे एक अडचण आहे आणि ती मुलांना कागद-पट्टी देऊन दाखवण्यासारखी आहे. ७२ आणि ७३ अंशांच्या दोन रेषा जवळजवळ समांतर असतात. अशा रेषा एकमेकींना कुठे छेदतात हे नेमकं सांगता येत नाही. पेन्सिलीची जाडी बदलली तरी छेदनबिंदू शेकडो किलोमीटर सरकतो. तिसरी, वेगळ्या कोनातली रेषा हवी. ती येईपर्यंत काय करायचं? ऐकत राहायचं. उन्हाळ्याची सुट्टी गेली, नवं वर्ष सुरू झालं आणि १४ ऑक्टोबरला कॉसमॉस १२९ सुटला. त्याचा कल सुमारे ६५ अंश. आकडा ओळखीचा, बायकोनूरहून नेहमी जाणाऱ्या उपग्रहांसारखाच, त्यामुळे कुणाचंही दुर्लक्ष व्हावं असा. पण नोंदी मागे नेल्यावर त्याचीही रेषा बायकोनूरवरून जाईना आणि जुन्या रेषेला तिने स्वच्छ छेदलं. तो बिंदू होता उत्तर रशियात, अर्खांगेल्स्क शहराच्या दक्षिणेला, प्लेसेत्स्क नावाच्या छोट्या गावाजवळ.

१९६६च्या अखेरीस पेरींनी हे जाहीर केलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत शाळेचं नाव झळकलं.

एक छोटा नियम सांगून ठेवतो, घरी मुलांबरोबर वापरता येईल. कुठल्याही तळावरून सरळ सोडलेल्या उपग्रहाच्या कक्षेचा कल त्या तळाच्या अक्षांशापेक्षा कमी असू शकत नाही. आपला आर्यभट्ट घ्या. १९ एप्रिल १९७५ला तो सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार इथून सुटला. त्याच्या कक्षेचा कल होता ५०.७ अंश, तळाचं अक्षांश साधारण ४८.५. बसतंय की नाही? श्रीहरिकोटा साधारण पावणेचौदा अंशांवर आहे. इस्रोच्या उड्डाणांचे आकडे घेऊन नियम मोडतोय का ते पोरांना शोधू द्या. एक रविवार आरामात निघतो.

तर आता त्या 'चकवलं'कडे येतो. खरं सांगायचं तर प्लेसेत्स्क अमेरिकन गुप्तचरांना १९६६च्या बऱ्याच आधी माहीत होतं, आंतरखंडीय क्षेपणास्त्रांचा तळ म्हणून. १ मे १९६० रोजी पेशावरहून निघालेलं गॅरी पॉवर्सचं यू-टू विमान, जे स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं गेलं आणि ज्याच्यावरून एवढं महाभारत झालं, त्याच्या ठरलेल्या मार्गात प्लेसेत्स्कही होतं. पुढे टेहळणी उपग्रहांनी तळाचे फोटोही काढले. मग केटरिंगने 'शोधलं' म्हणायचं तरी कशाला? माझ्या अभ्यासगटात यावर एकदा चांगलाच वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, जे आधीच कुणाला तरी ठाऊक आहे त्याला शोध म्हणणं म्हणजे कोलंबसगिरी.

मला ते पटत नाही. सीआयएला माहीत असणं आणि लोकांना माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉस्कोलाही माहीत होतं, वॉशिंग्टनलाही माहीत होतं, आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं, आपापल्या कारणांसाठी. दोन शत्रू एकाच गुपितावर पांघरूण घालून बसले होते. ज्यांनी ते काढलं, त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांची साधनं कुणीही विकत घेऊ शकेल अशी आणि पद्धत अकरावीच्या मुलाला समजेल अशी. इतिहासकाराच्या नजरेने मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. गुप्तचराचा पुरावा तपासता येत नाही, 'आमच्यावर विश्वास ठेवा' एवढंच. पेरींचा पुरावा कुणीही आपल्या छतावर तार टाकून तपासू शकत होता.

आणि जागेचं नाव उच्चारता येणं ही काही नकाशापुरती बाब नसते. १८ मार्च १९८० रोजी प्लेसेत्स्कला रॉकेटमध्ये इंधन भरताना स्फोट झाला. ४८ माणसं मेली. जो तळ अधिकृतपणे अस्तित्वातच नाही, तिथे मेलेल्यांची बातमी तरी कशी छापणार? सोव्हिएत वाचकाला ती कळली १९८९ मध्ये. म्हणजे केटरिंगमधल्या बूट शिवणाऱ्या कुणाच्या पोराला जे गाव नकाशावर दाखवता येत होतं, त्याचं नाव तिथल्या विधवांना मोठ्याने घेता येत नव्हतं. हे वाचल्यापासून मला त्या शिट्टीकडे नुसता छंद म्हणून बघता येत नाही.

पेरी पुढेही ऐकत राहिले. मोठी झालेली मुलं आणि परदेशातले श्रोते सामील होत गेले, उदाहरणार्थ स्वीडनमधले स्वेन ग्रान, आणि 'केटरिंग ग्रुप' हे नाव रूढ झालं. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी घेऊन फिरणारा कॉसमॉस ९५४ कॅनडावर कोसळला तेव्हा पत्रकार माहितीसाठी या शाळामास्तरांकडे धावले. ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई दिली. २००० साली ते वारले. इतिहासात राहिलं ते त्यांचं, स्लेटरांचं आणि गावाचं नाव. पाळ्या लावून ऐकणाऱ्या मुलांच्या सगळ्या तुकड्या 'ग्रुप' या एका शब्दात मावल्या. माझा पुढचा सगळा खटाटोप त्या शब्दाच्या आत डोकावण्याचाच आहे.

हे वाचून तुम्हाला घरी काही करून बघावंसं वाटलं, तर एक गोष्ट लक्षात घ्या: आजचे उपग्रह बहुतेक करून शॉर्टवेव्हवर बोलत नाहीत, आणि आकाशवाणीची शॉर्टवेव्ह प्रक्षेपणंही कमी होत गेली आहेत. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. तरीही संध्याकाळी ३१ किंवा २५ मीटरवर काटा फिरवला की चिनी केंद्रं हमखास लागतात, आणि बरंच काही. माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेलच. आठ-दहा मीटर साधी वायर खिडकीतून बाहेर सोडा आणि तिचं टोक एरियलला गुंडाळा (विजा चमकत असताना अजिबात नाही). मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, निम्मी खरखर तिथेच संपते.

पेरींच्या वर्गातली शिट्टीही ऐकता येईल, पण त्यासाठी दोन जुने, काटेवाले रेडिओ हवेत. पहिल्यावर एखादं केंद्र लावा, समजा ९९०० किलोहर्ट्झ. दुसरा अगदी शेजारी ठेवून त्याचा आवाज बंद करा आणि काटा ४५५ किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ९४४५च्या आसपास हळूहळू फिरवा. अशा रेडिओच्या आत स्वतःची एक लहर तयार होत असते, लावलेल्या कंप्रतेपेक्षा बहुधा ४५५ने वर. ती पहिल्या रेडिओत शिरते आणि केंद्राच्या लहरीशी भिडून शिट्टी वाजवते. दुसऱ्याचा काटा केसभर हलवा, शिट्टी वर-खाली होईल. उपग्रह जे वेगाने करायचा, ते इथे तुमची पोरगी बोटाने करेल. रेडिओच नसेल तर नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला शॉर्टवेव्ह रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुला ठेवला आहे. त्यात एसएसबी हा पर्याय निवडला की शिट्टी लगेच ऐकू येते, दोन रेडिओंची जुळवाजुळव करावी लागत नाही. पण ४५५ची युक्ती जमल्यावर पोरं जी किंकाळी फोडतात, ती ब्राउझरमध्ये येत नाही.